थोरली, पण १९६५ च्या आधीची

नॉर्वेत ट्राँडहाइमपासून तासाभराच्या अंतरावर ज्या शेतावर मी तीन वर्षांपासून भाड्याने राहते, तेथील माझे छोटे घर खरे तर म्हाताऱ्यांसाठी बांधलेले आहे. शेती मुलाच्या हाती सोपवली की आईवडिलांनी मुख्य घर रिकामे करून अंगणापलीकडच्या या घरात राहायला यावे, अशी इथली रीत आहे. समोरचे मुख्य घर या भागातील जुन्या घरांप्रमाणे अरुंद, लांबलचक आणि पांढरेशुभ्र, तर गोठा-कोठार लाल. पूर्वी पांढरा रंग महाग पडे, म्हणून कित्येक जण घराची दर्शनी बाजू तेवढी पांढरी करून भागवत; आपल्याकडेही पुढच्या भिंतीलाच गिलावा केलेली घरे मी पाहिली आहेत.

दर जुलैत घरधन्याची थोरली बहीण इथे येते. तिचा जन्म १९५८ चा, भावाचा १९६३ चा. नॉर्वेत शेतजमिनीवर ‘ओडेल’ नावाचा वडिलोपार्जित हक्क चालतो, आणि त्याला १८१४ च्या राज्यघटनेचे संरक्षण आहे. शेताचे तुकडे न होता ते एकाच अपत्याकडे जाते, आणि ज्याच्याकडे जाते त्याला तिथे पाच वर्षे राहण्याचे बंधनही बहुधा असते. पूर्वी या हक्कात मुलगे आधी आणि मुली नंतर असत. १९७४ च्या कायद्याने थोरल्या अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, पहिला मान दिला. मात्र १९६५ च्या आधी जन्मलेल्या मुलींना तो लागू झाला नाही. त्यामुळे शेत धाकट्याकडे गेले आणि ही परिचारिका होऊन ऑस्लोला गेली. आडनाव मात्र तिने लग्नानंतरही शेताचेच ठेवले आहे. इथल्या बऱ्याच कुटुंबांनी आपल्या शेताचे नावच आडनाव म्हणून घेतले, हे कळल्यावर आपली ‘कर’ लावलेली आडनावे मी तिला ऐकवली, तेव्हा ती खूप हसली.

भावाबहिणीत अबोला नाही. ती आली की खांबांवर उभारलेले, उंदरांना चढता येऊ नये असे बांधलेले जुने धान्यघर उघडते, झाडून काढते, आणि लहानपणी तारांवर गवत कसे वाळत घालत असू ते मला दाखवते. आता गवत पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळले जाते आणि लोक त्या गठ्ठ्यांना ‘ट्रॅक्टरची अंडी’ म्हणतात. गेल्या वर्षी आम्ही दोघी संध्याकाळी मुख्य घरात शिरलो, तेव्हा तिचा हात दाराच्या डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर गेला आणि कोऱ्या भिंतीवर चाचपडत राहिला. दिव्याचे बटण भावाने उजवीकडे हलवले, त्याला वीस वर्षे झाली आहेत.

मला माझी आत्या आठवली. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या घरात ती वाढली, १९७९ मध्ये लग्न होऊन चिपळूणला गेली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. म्हणजे इकडे जन्मतारीख आडवी आली, तिकडे लग्नाची तारीख. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही गेली. त्यानंतर सातबाऱ्यावर नावे चढवायची वेळ आली, तेव्हा आत्याने तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही केली. मी तेव्हा नोकरीला नुकतीच लागले होते आणि तावातावाने तिला विचारले, की सही का केलीस. ती म्हणाली, “अगं, आंब्याच्या चार कलमांसाठी भावाशी भांडू? मला माहेराला यायचंय अजून.” हे उत्तर मला तेव्हा पटले नव्हते आणि आजही पुरते पटत नाही. त्या कागदाचा फायदा माझ्या वडिलांना, म्हणजे पुढेमागे मलाच आहे, हेही मी जाणून आहे.

घराची डागडुजी करताना बाबांनी माजघराची जुनी ठेंगणी चौकट काढून चांगली उंच बसवली. आत्या गणपतीला येते, हातपाय धुते, आणि माजघरात शिरताना अजूनही वाकते.