मॅटवरचं रस्त्यावर किती उतरतं? ज्युदोच्या सरावाची पुढची नोंद

या वेळच्या नोंदीत नवा थ्रो (पाडायचा डाव) नाही. उचि-माता (मांडीनं उचलून पाडायचा थ्रो) होता तिथेच आहे, डावीकडून अजूनही लंगडतो, त्यावर लिहिण्यासारखं काही घडलेलं नाही. सध्या आठवड्यातली एक संध्याकाळ आम्ही चार-पाच जण वेगळ्याच कामाला लावतोय. गी (ज्युदोचा पोशाख) घरी ठेवायचा, रोजचे कपडे घालायचे, धुतलेले बूट चढवायचे, क्लबातले जुने फाटके मॅट उलटे टाकायचे आणि प्रत्येक क्लबात कधी ना कधी वाद पेटवणारा प्रश्न त्यावर घासून बघायचा. उद्या खरंच कुणी अंगावर आलं, तर एवढ्या वर्षांच्या घामाचा काही उपयोग आहे का?

माझं मत आधीच सांगून टाकते. उपयोग आहे, पण तो मधल्या काही सेकंदांपुरता. त्या सेकंदांच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, याचा सराव जवळपास कुठल्याच क्लबात होत नाही, आणि माणूस वाचतो की अडकतो हे बरंचसं तिथेच ठरतं. म्हणून आमच्या संध्याकाळचा जास्तीत जास्त वेळ त्या दोन टोकांना दिलाय.

मधलं आधी उरकते, कारण त्यात मला फारशी शंका नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ साली कोडोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हा जुन्या जुजुत्सुतले ठोसे, लाथा आणि हाडं मोडणारे प्रकार रांदोरीतून (मोकळ्या झटापटीच्या सरावातून) बाहेर काढले आणि कातात (जोडीनं करायच्या, ठरलेल्या क्रमाच्या सरावात) ठेवले. वरवर पाहता कला बोथट केली असं वाटेल. झालं उलटंच. उरलेली तंत्रं पूर्ण जोर लावून, समोरचा पूर्ण जोरानं विरोध करत असताना, रोज करता येऊ लागली. 'आमच्याकडचं फार घातक आहे म्हणून स्पर्धेत चालत नाही' असं म्हणणारे तुम्हालाही भेटले असतीलच. ज्याला हलत्या माणसाच्या चेहऱ्यावर साधा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) बसवता येत नाही, त्याची बोटं नेमकी डोळ्यात कशी जाणार, हे त्यांनी एकदा दाखवावं.

विरोध करणाऱ्या माणसाशी रोज झटापट केल्यानं दोन गोष्टी अंगात मुरतात. धक्का बसला की गोठून न जाणं, ही पहिली. दुसरी म्हणजे दमसास: न शिकलेला माणूस जीव तोडून हात चालवतो आणि थोड्याच वेळात तोंडानं श्वास घ्यायला लागतो. आमच्यातला बॉक्सिंगवाला दादा पहिल्यांदा आला तेव्हा पकडीत आल्यावर गडबडला, पण घाबरला अजिबात नाही. मार खायची सवय होती. ती सवय विकत मिळत नाही.

आता मार्करची गोष्ट, ज्यासाठी खरं तर ही नोंद लिहायला घेतली.

यंदा मी गोशिन-जुत्सु काता बसवायला घेतलाय. कोडोकाननं १९५६ साली आणलेला हा स्वसंरक्षणाचा काता. एकूण २१ तंत्रं, त्यातली १२ निःशस्त्र हल्ल्याविरुद्ध आणि ९ सुरा, काठी आणि पिस्तुलाविरुद्ध. देखणा प्रकार आहे. उके (हल्ला करणारा जोडीदार) सुरा घेऊन पोटाकडे येतो, आपण बाजूला वळतो, हात धरतो, तोल काढतो आणि तो अदबीनं पालथा होतो. कोण, कुठून, कशानं हल्ला करणार हे दोघांनाही आधीच पाठ. अंतर आणि शरीराचा कोन शिकायला हे उत्तमच.

मग मी पांढरा टी-शर्ट घातला, जोडीदाराच्या हातात लाल मार्कर दिला आणि म्हटलं, काता विसर, तुला जमेल तसं भोसक. त्यानं डाव्या हातानं माझी कॉलर मुठीत धरली, मला जवळ ओढलं, आणि उजवा हात शिलाई मशीनच्या सुईसारखा आत-बाहेर, आत-बाहेर चालवला. कातातला हात वार करून तिथेच थांबतो. हा थांबत नव्हता. मी मनगटाकडे झेपावेपर्यंत तो परत गेलेला असायचा आणि माझी बोटं हवेत. फेरी संपल्यावर उजेडात टी-शर्ट ताणून पाहिला. पोटावर लाल ठिपक्यांचा पुंजका, डाव्या हाताच्या आतल्या बाजूला लांब रेघा, काखेखाली एक ठिपका आणि मानेला, कानाच्या जरा खाली, एक बारीक रेघ. ती आम्हा दोघांपैकी कुणालाच कळलेली नव्हती.

मग आम्ही अदलाबदल करून सगळ्यांवर हे करून पाहिलं. पट्ट्याच्या रंगानं काही फरक पडला नाही. सुऱ्याच्या हाताला दोन्ही हातांनी बिलगून तो आपल्या छातीशी दाबून धरणं, कुस्तीत करतात तसं, हे त्यातल्या त्यात चाललं. त्यातही ठिपके पडलेच, फक्त कमी. सगळ्यात स्वच्छ टी-शर्ट कुणाचा निघाला? पहिल्याच क्षणी दोन्ही तळव्यांनी ढकलून दाराबाहेर पळालेल्या आमच्या सगळ्यात नवख्या मुलीचा. तिला कुठलंच तंत्र येत नव्हतं, त्यामुळे करून बघायचा मोहही नव्हता. सर बाजूला बसून हसत होते. म्हणाले, "ताई, काता सोडू नका, पण परीक्षेपुरताच खरा माना."

ठोशांबद्दल थोडक्यात. गार्ड (हात वर धरून तोंड झाकणं) आणि जॅब शिकावेतच, पण हाताची पट्टी आणि ग्लोव्हज ठोसा मारणाऱ्याचा हात वाचवतात हे लक्षात असू द्या. उघड्या मुठीनं कवटीवर ठोसा बसला की करंगळीच्या मुळाशी, तळहातातलं हाड मोडतं, आणि या मोडण्याला बॉक्सरचंच नाव आहे. १२ नोव्हेंबर १९९३ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी (वेगवेगळ्या युद्धकलांच्या माणसांना आमनेसामने आणणारी स्पर्धा) झाली तेव्हा हातमोज्यांची सक्ती नव्हती. पहिल्याच लढतीत जेरार्ड गोर्डोनं तेइला तुलीला हरवलं आणि स्वतः मोडका हात आणि पायात रुतलेला दात घेऊन पुढच्या फेरीत गेला. जिंकलेल्या माणसाची ही अवस्था. आम्ही संध्याकाळच्या सरावात बंद मुठीऐवजी तळव्यानं मारतो.

त्याच रात्री ब्राझिलियन जुजुत्सुवाला रॉयस ग्रेसी स्पर्धा जिंकला आणि 'मारामारी शेवटी जमिनीवरच जाते' हे वाक्य जगभर पसरलं. जाते, खरंय. पण तिथे एकास एक लढत होती, खाली मॅट होता आणि कुणाचे मित्र कुंपण ओलांडून आत येत नव्हते. आमच्या दोघांविरुद्ध एक अशा फेऱ्यांत माझा लाडका केसा-गातामे (खाली दाबून धरायची पकड) सगळ्यात आधी बाद झाला. एकाला छान दाबून धरलं, आणि दुसऱ्यानं शांतपणे चालत येऊन बुटाचं टोक माझ्या बरगडीला टेकवलं. जोरात नाही, नुसतं टेकवलं, पण कळायचं ते कळलं. पकडलेला सुटत नाही, तसे आपणही सुटत नाही. आता ने-वाझाचं (जमिनीवरच्या ज्युदोचं) ध्येय बदललंय: वर असाल तर उठा, खाली असाल तर एक हात टेकवून, एक पाय समोर ठेवून, डोळे समोरच्यावरून न काढता उठा. ब्राझिलियन जुजुत्सुवाल्यांकडचं हे उठणं कुणी शिकवलं तर नक्की शिकून घ्या. उभं असताना दोघांच्या मध्ये न सापडता सतत बाहेरच्या बाजूला सरकत राहायचं, म्हणजे ते एकामागे एक येतात. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात फेरीच्या सुरुवातीलाच पाठ भिंतीला लागते.

बोलण्याचा भाग मला सगळ्यात अवघड जातोय, आणि सगळ्यात जास्त वेळही तिथेच जातो. एक जण भांडण उकरून काढणारा. "काय बघतेस गं?" इथून सुरुवात. समोरच्यानं अंतर राखायचं, दोन्ही हात छातीसमोर उघडे, तळवे बाहेर, जणू समजूत घालतोय असे, आणि आवाज मोठा पण शिवी नाही. ही हातांची ठेवण बाउन्सर मंडळींकडून आली असं म्हणतात, आणि तिचं काम दुहेरी आहे: पाहणाऱ्याला आपण भांडण टाळताना दिसतो आणि हात मात्र आधीच वर असतात. सुरुवातीला सगळे फिदीफिदी हसायचे. मग आमच्यातला सगळ्यात अबोल माणूस उठला आणि त्यानं असा काही सूर लावला की हसू थांबलं. ओळखीचा माणूस, नाटक आहे हे माहीत, तरी माझ्या घशाला कोरड पडली आणि तोंडातून आलं ते "अं... काय?" एवढंच.

प्रश्न विचारून गुंतवणं हा वेगळाच धडा. "टाइम काय झाला?" असं विचारलं की मान खाली घड्याळाकडे जाते, आणि मान खाली गेलेला तेवढा क्षण समोरच्याला पुरतो. आता आम्ही मनगट डोळ्यांसमोर वर उचलून वेळ सांगतो किंवा सरळ "माहीत नाही" म्हणून एक पाऊल मागे जातो. चांगल्या घरात वाढलेल्या माणसाला हे उद्धट वाटतं, आणि म्हणूनच त्याचा सराव लागतो.

या भागाला एवढा वेळ देण्यामागे एक अभ्यासही आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर केलेली ही चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीन-तीन तासांची चार सत्रं. त्यात मारण्या-सुटण्याचं प्रशिक्षण थोडंच होतं. बाकी सगळं धोका ओळखणं, ओळखीच्या माणसालाही ठाम नकार देताना मनात येणारा संकोच ओलांडणं, आणि स्वतःला काय हवं-नको ते स्पष्ट असणं यावर. वर्षभरात बलात्कार झाल्याचं प्रमाण नेहमीची माहितीपत्रकं दिलेल्या गटात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. हा रस्त्यावरच्या मारामारीचा अभ्यास नव्हे, हे मान्य. पण वर्षानुवर्षं आपण फक्त पकड सोडवायला शिकवत आलोय, आणि फरक पडला तो बहुतांशी पकडीच्या आधीचं शिकवणाऱ्या बारा तासांनी, हे मला सहज बाजूला सारता येत नाही.

भीतीबद्दल एक घरगुती प्रयोग. हृदयाचे ठोके इतके झाले की हातातलं बारीक कौशल्य जातं, असे रंगीत तक्ते फिरत असतात. मी बर्पी (जोर मारून लगेच उडी मारायचा व्यायाम) मारमारून ठोके वाढवले आणि लगेच कागदावर सही केली. सही नेहमीसारखीच. स्पर्धेच्या वजनाच्या रांगेत, नुसती उभी असताना केलेली सही मात्र कोंबडीचे पाय. पळून वाढलेले ठोके वेगळे, भीतीनं वाढलेले वेगळे. त्यामुळे दमवून मग स्पारिंग, हा प्रकार दमसासासाठी ठेवलाय. भीतीसाठी स्पर्धा आणि तो अबोल माणूस.

नंतरचा भाग. इथे थ्रोंची यादीच बदलली. मॅटवर ओ-सोतो-गारी (पाय मागून काढून मागे पाडायचा थ्रो) लागला की इप्पॉन, म्हणजे लढत तिथेच जिंकली. सिमेंटवर लागला की समोरच्याचं डोकं मागच्या बाजूनं आपटतं, आणि त्याला उकेमी (लागू न देता पडायची पद्धत) येत नसते. एका ठोशानं पडून, डोकं आपटून माणसं दगावतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सनं २०१४ साली त्यासाठी कायद्यात वेगळा गुन्हाच घातला. धोका टळल्यावरचा एक जादा फटकाही कायद्याच्या नजरेत स्वसंरक्षण राहत नाही, आणि मोबाइलवरचं चित्रण बहुधा दुसऱ्या फटक्यापासून सुरू झालेलं असतं. म्हणून बूट घालून सराव करताना ओ-सोतो बंद. नुसता तोल काढायचा, ढकलायचं, दार गाठायचं. उकेमी मात्र दुप्पट केली. मारामारी आयुष्यात कधी होईल न होईल, घसरून पडणं ठरलेलं आहे, आणि हनुवटी छातीला लावून पडायची सवय मला तरी ज्युदोनं दिलेली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते.

फेरी संपली की आणखी एक काम सगळ्यांना लावलंय. दाराबाहेर पोचल्यावर दोन्ही हात मान, काखा, पोट, मांड्यांवरून फिरवायचे आणि तळवे बघायचे. वार लागलेला त्या क्षणी कळतोच असं नाही, मानेवरच्या रेघेनं ते दाखवलंच होतं. मग मोठ्यानं सांगायचं: मी कुठे आहे, काय झालं, कुणाला लागलंय. फोनवर मदत मागताना हेच सांगावं लागतं आणि धापा टाकत ते सांगणं वाटतं तेवढं सोपं नाही.

पुढच्या महिन्यात खांद्यावर पिशवी लटकवून आणि अर्धे दिवे बंद करून फेऱ्या करायच्या आहेत. मला चष्मा आहे, तेव्हा काचा नसलेली प्लॅस्टिकची चौकट घालून एक फेरी नक्की. जिन्यावरचा सराव अनेकांनी सुचवला, पण पायऱ्यांवर नीट मॅट बांधता येईपर्यंत तो करणार नाही. भांडण उकरून काढायला दुसरं कुणीतरी हवंय. एकाच माणसाच्या आवाजाची सगळ्यांना सवय होत चाललीय. गोशिन-जुत्सुची परीक्षा त्यानंतर. पिस्तुलाची तिन्ही तंत्रं अजून बसायची आहेत.