मेगनं ऐकलं नाही, ते बरं झालं

जून महिना, पहाटेचे साडेपाच. वेल्समधल्या बाला गावाच्या वरच्या डोंगरावर इतकं धुकं होतं की खाली लिन तेगिद तलावाचं पाणीही दिसत नव्हतं. लोकर कातरायचे दिवस, म्हणून शेजारच्या आजोबांना कळप खाली आणायचा होता. त्यांनी शीळ घातली: डावीकडून जा. मेग, त्यांची चार वर्षांची काळीपांढरी कुत्री, जागेवर थांबली. मान वळवून तिनं आजोबांकडे पाहिलं. पुन्हा तीच शीळ. मेगनं पुन्हा तसंच पाहिलं आणि उजवीकडे धूम ठोकली.

मला वाटलं, आता हिला बोलणी बसणार. आजोबा गालातल्या गालात हसले. "तिला काहीतरी ठाऊक आहे," एवढंच म्हणाले. दहा-बारा मिनिटांनी उजव्या उतारावरच्या नेच्याच्या दाट रानातून दोन मेंढ्या आणि एक कोकरू बाहेर आलं. मागून मेग, जीभ बाहेर, शेपूट खाली. त्या तिघांना कळपात मिसळवून ती आपणहून डावीकडे गेली आणि आधी सांगितलेलं काम करायला लागली.

वेल्समध्ये राहायला आल्यापासून मला सगळ्यात जास्त आनंद या कुत्र्यांनी दिला आहे. त्यांचं काम लांबून बघितलं तर कुत्रा मेंढ्यांमागे धावतो आहे एवढंच दिसतं. खरं काम न धावण्यात असतं. मेग निघते ती कळपाच्या दिशेनं सरळ जात नाही. पेअरच्या आकाराचा मोठा वळसा घेऊन, मेंढ्यांना चाहूल न लागू देता ती त्यांच्या पलीकडे पोचते, बरोबर मालकाच्या समोरच्या टोकाला. तिथं थांबते. मग पोट जवळजवळ गवताला टेकवून, नजर रोखून एक पाऊल टाकते. मेंढ्या वळतात ती हीच घडी. इथं घाई झाली तर कळप उधळतो आणि मग दुपारपर्यंत डोंगर पालथा घालावा लागतो.

ही चाल मूळची शिकारी प्राण्याची: हेरणं, वळसा घालणं, दबा धरणं. शेवटची झडप तेवढी माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून मागे ठेवायला लावली. ती नजरेची ताकद एका कुत्र्यामुळे फार पसरली. ओल्ड हेम्प, जन्म १८९३, इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडचा. ॲडम टेल्फर यांच्याकडचा हा कुत्रा भुंकत नसे, चावत नसे, शांतपणे नजरेनंच मेंढ्या हलवत असे. मेंढपाळांना तो इतका आवडला की आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची, म्हणजे मेगच्या जातीच्या मेंढीकुत्र्यांची, वंशावळ मागे नेली की त्याच्यापाशी पोचते. मेगचीही पोचते. आजोबा ते सांगताना आवाज थोडा खाली आणतात, घरातल्या थोरामोठ्याचं नाव घ्यावं तसा.

आजोबा घरात वेल्श बोलतात, मेंढ्यांना शिव्या वेल्शमध्ये देतात, पण कुत्र्यांशी इंग्रजी! 'कम बाय' म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, 'अवे' म्हणजे उलट, 'लाय डाउन' म्हणजे थांब, आणि काम संपलं की 'दॅट्ल डू'. वाऱ्यात शब्द पोचत नाहीत, तेव्हा जिभेवर धरायची पत्र्याची छोटी शिट्टी. दोन कुत्री बरोबर असली तर प्रत्येकाची शीळ वेगळी, आणि दुसऱ्याच्या शिळेवर पहिला कान हलवतो पण जागा सोडत नाही.

बालाला या सगळ्याचा अभिमान आहे. ब्रिटनमधली मेंढीकुत्र्यांची पहिली नोंदलेली स्पर्धा १८७३ साली इथं झाली. रिवलासचे जमीनदार लॉईड प्राइस यांनी ती भरवली, आणि जिंकला वेल्समध्ये राहणारा एक स्कॉटिश मेंढपाळ, जेम्स थॉमसन, त्याच्या ट्वीड नावाच्या कुत्र्याबरोबर. गावातले लोक ही गोष्ट अजून सांगतात आणि 'स्कॉटिश' या शब्दावर जरा थांबतात.

गेल्या ऑगस्टमध्ये मेगला मी स्पर्धेत पाहिलं. मेंढ्या आणणं, फाटकांतून नेणं हे सुरेख झालं. शेवटी त्यांना फाटक असलेल्या छोट्या कुंपणात घालायचं होतं. मालकानं फाटकाची सहा फुटी दोरी हातात धरायची, सोडायची नाही. बाकीचं कुत्र्यानं करायचं. चार मेंढ्या तोंडाशी आल्या आणि त्यांच्यातली एक म्हातारी मेंढी वळून उभी राहिली. मेगकडे बघत तिनं पुढचा पाय आपटला. एकदा, दोनदा. चावा घेतला असता तर मेग तिथंच बाद झाली असती. ती हलली नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मेगनं तोंड बाजूला वळवलं, जणू तिला त्या मेंढीत काही रसच नव्हता, आणि त्याच वेळी पंजा मात्र चार बोटं पुढे सरकवला. मेंढीनं क्षणभर विचार केला आणि आत गेली. माझ्या शेजारी बसलेल्या बाई खळखळून हसल्या. मीही हसले, पण डोळ्यांत पाणी होतं.

अशा कुत्र्यांची किंमत लोक मोजतात. २०२१ मध्ये वेल्समधली किम नावाची जेमतेम वर्षाची कुत्री २७,१०० पौंडांना विकली गेली. आजोबांना विचारलं तर ते मेगच्या किमतीबद्दल बोलत नाहीत, मॉसकडे बोट दाखवतात.

मॉस मेगचा बाप, चौदा वर्षांचा, आता डोंगर चढत नाही. कान गेलेत. दिवसभर अंगणात असतो आणि बदकं वळतो. सहा बदकांना गवताच्या गंजीपासून पाण्याच्या डोणीपर्यंत आणायचं, पुन्हा मागे न्यायचं. तोच मोठा वळसा, तीच रोखलेली नजर, फक्त सगळं लंगडत आणि फार सावकाश. बदकंही आता सवयीनं रांगेत चालतात. संध्याकाळी आजोबा दारात येतात. ऐकू येत नाही म्हणून मॉसला 'दॅट्ल डू'साठी हाताची खूण शिकवली आहे, तळहात खाली. ती त्याला नीट कळते. म्हणून दार वाजलं की, म्हणजे पायाखालची फरशी हलल्याचं त्याला जाणवलं की, मॉस दाराकडे पाठ करून बसतो आणि बदकांवरची नजर काढत नाही. आजोबा हात खाली धरून तिथंच उभे राहतात. घाई करत नाहीत.