खाडीतला कचरा काढायला जाताय? आधी तिथी बघा

‘दोन तासांचं सोपं काम आहे, हातमोजे आम्ही देऊ,’ असा मेसेज होता. वाशीजवळच्या खारफुटीत साडेआठला पोचलो, घरी परतलो ते दुपारी दोनला, मांड्या अक्षरशः थरथरत होत्या. हे सगळं मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून लिहितोय.

पहिली चूक वेळेची. त्या रविवारी पौर्णिमा होती. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेचे पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. तीही उधाणाची भरती! आम्हाला बोलावलं नेमकं पाणी चढत असताना. सव्वानऊला ते खोडांशी आलं, दहाला पोटऱ्यांपर्यंत. अर्ध्या गोणी तिथेच टाकून निघावं लागलं आणि त्यातला कचरा परत खाडीत गेला. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं. चतुर्थी ते सप्तमीचा रविवार धरा. पंचमीला भरती पहाटे पावणेचारला, ओहोटी दहाच्या सुमारास. सकाळभर चिखल उघडा राहतो. आयोजकांनी पौर्णिमा-अमावास्येची तारीख दिली तर सरळ बदलायला सांगा.

दुसरं, बांधापासून झाडांपर्यंतचा पट्टा. जेमतेम दीडशे मीटर असेल, पण भरलेली ओली गोणी घेऊन तो पार करायला मला वीस मिनिटं लागत होती. गमबूट अजिबात नेऊ नका. माझा डावा बूट गाळात राहिला आणि पाय तेवढा वर आला. घट्ट नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट उत्तम. अनवाणी तर उतरूच नका, खाली काचा आहेत. मी धडपडताना मागून एक कोळी मावशी म्हणाल्या, ‘टाच आधी सोडव रे, चवडा मागनं येतो.’ त्यानंतर पडलो नाही.

कात्री घरून न्याच, तिथे कोणी देत नाही. तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी उभी असतात, त्यांच्यावाटे झाड हवा घेतं. एका जुन्या साडीने अशी तीस-चाळीस मुळं करकचून बांधली होती. आधी मी ती ओढली, तर चार-पाच मुळं कटकन तुटली. मग बसून पट्टी पट्टी कापली. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा खालून दोन निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे, टुणटुणत गेल्या. एवढ्या थकव्यातही मन भरून आलं. गोणी किती भरल्या हे मोजत बसू नका, मुळं मोकळी करा.

बांधालगत राडारोड्याचा ताजा ढीगही होता. खारफुटीपासून 50 मीटरच्या पट्ट्यात भराव-बांधकामाला मनाई आहे, उच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलंय. असं दिसलं की ठिकाणासह फोटो काढा आणि तक्रार करा. पाठपुरावा केला तर फरक पडतो. नेरुळचा डीपीएस शाळेजवळचा तलाव बघा. भरतीचं पाणी आत यायची वाट बंद झाली होती, 2024 मध्ये तिथे फ्लेमिंगो मेले. नवी मुंबईकरांनी विषय सोडला नाही आणि 2025 मध्ये तलाव ‘संवर्धन राखीव’, म्हणजे संरक्षित क्षेत्र, करायला राज्य वन्यजीव मंडळाची मंजुरी मिळाली.

खरा मुद्दा पाण्याच्या वाटेचा आहे, म्हणूनच खारफुटीची रोपं लावायच्या कार्यक्रमांना मी जाणार नाही. उघडा चिखल रिकामी जागा नसते, पक्षी तिथेच चरतात. पाण्याची वाट मोकळी केली की तिवर आपोआप रुजतो.

स्टेशनवरून रिक्षावाल्याने दीडशे मागितले, येताना मीटरने 41 झाले. मीटरशिवाय बसू नका. दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि परतीसाठी चपला एवढं पुरे. गुडघे दुखत असतील तर चिखलात उतरू नका, बांधावर कचरा वेगळा करायलाही माणसं कमीच पडतात.

 

पुढच्या पंचमीच्या रविवारी मी परत जातोय. दोन कात्र्या जास्तीच्या आणतो.