खडकीचे सॅपर्स आणि फ्रान्सचं नव-शापेल

उत्तर फ्रान्समधल्या लील शहराच्या नैऋत्येला वीसेक किलोमीटरवर नव-शापेल आहे. हजार-दीड हजार वस्तीचं कम्यून, म्हणजे आपली ग्रामपंचायत समजा. लाल विटांची घरं, बटाट्याची आणि बीटची शेतं, आणि शेतांच्या कडेने पाण्याचे चर.

हे चर हौसेने खणलेले नाहीत. जमीन सपाट, माती चिकण, पाणी अगदी वर. हिवाळ्यात फावडं मारलं की खड्डा भरलाच. पहिल्या महायुद्धात इथे खोल खंदक खणता येईनात, म्हणून सैनिकांनी मातीची पोती रचून बांध घातले आणि त्यांच्या आडून लढले. पूर्वेला ओबेरची टेकडी, शेतांपेक्षा जेमतेम 10-15 मीटर उंच. सह्याद्री बघितलेला माणूस तिला टेकाडसुद्धा म्हणणार नाही. पण वर जर्मन कोरड्यात बसून सगळं बघत होते आणि खाली आपली माणसं चिखलात होती.

हो, आपलीच, ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यातली. जर्मनांनी घेतलेलं हे गाव परत मिळवायला ब्रिटिशांनी 28 ऑक्टोबर 1914 रोजी 47व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या पाठवल्या. पूल बांधणं, सुरुंग लावणं हे ज्यांचं काम, त्यांना पायदळासारखं संगिनी घेऊन घराघरात घुसवलं! गावात शिरले, पण मागून कुमकच आली नाही. जवळजवळ सगळे अधिकारी गमावून माघार घ्यावी लागली. शिकलेले कारागीर असे खर्ची घालणं मला आजही अडाणीपणाचं वाटतं.

10 मार्च 1915 ला 35 मिनिटं तोफा चालवून गाव घेतलं. त्या दिवशी गढवाल रायफल्सचे गबर सिंग नेगी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. टेकडी मात्र हाती आली नाही. युद्ध संपेपर्यंत गावात उभी भिंत उरली नव्हती, म्हणून आजची ‘जुनी’ घरंही शंभरएक वर्षांचीच.

वास्तुशिल्पी हर्बर्ट बेकर यांनी आखलेलं भारतीय स्मारक 1927 मध्ये उघडलं. गोल भिंत, दगडी जाळी, कमळाचा सुमारे 15 मीटर उंच खांब, पायथ्याशी दोन वाघ आणि पडलेल्या भारतीय सैनिकांची 4,700 हून अधिक नावं. नाव नव-शापेलचं, पण जागा शेजारच्या रिशबूरच्या हद्दीत! नावं पलटणवार कोरलेली आहेत. पुण्याहून कुणी आलंच, तर आधी सॅपर्सचा भाग शोधा.