मे महिन्यात प्रयोगशाळेत जाणाऱ्या शिक्षकांसाठी

अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीतून शाळेतले शिक्षक उन्हाळ्यात साधारण सहा आठवडे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत खरं संशोधन करतात आणि त्यावर बेतलेला पाठ घेऊन वर्गात परततात. सांगलीतल्या शिक्षकाला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ किंवा इथलंच वालचंद इंजिनिअरिंग गाठून असं काम करता येईल. मात्र गाईडशी बोलणं फेब्रुवारीतच उरकावं, मे महिन्यात तिथेही परीक्षांची धांदल असते.

खरं अडतं ते विषयावर. मोठ्या यंत्राचा मोह होतो, पण ते यंत्र जूनमध्ये शाळेत येत नाही. आपल्याकडे वाळवा, पलूस, मिरज भागातल्या मुलांनी शेताला मीठ फुटलेलं पाहिलेलं असतं. म्हणून माझं मत क्षारपड जमिनीच्या बाजूने.

नमुना घेताना बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा टाळा. एका शेतात आठ-दहा ठिकाणी २० सेंमी खोल व्ही आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती खरवडायची. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून २ मिमी चाळणीतून चाळा. २० ग्रॅम मातीत ५० मिली डिस्टिल्ड वॉटर घालून अर्धा तास अधूनमधून ढवळा, गाळ बसू द्या, मग वरच्या पाण्यात ईसी (विद्युतवाहकता) मीटर धरा; क्षार जितके जास्त, तितकं रीडिंग जास्त.

बोअरचं पाणी वापरलं की मातीआधी पाण्यातलेच क्षार मोजले जातात. बॅटरीचं पाणी चालतं, पण आधी त्याचंही रीडिंग घ्या. तापमानाने तर मोठाच घोळ होतो: दर अंशाला रीडिंग सुमारे २ टक्के वाढतं. मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत तापमानाची दुरुस्ती न करणारा मीटर २५ अंशांच्या हिशेबाने वीसेक टक्के जास्त दाखवेल. स्वस्त टीडीएस पेन (पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणारा) प्रत्यक्षात ईसीच मोजतो आणि ०.५ किंवा ०.७ ने गुणून पीपीएम दाखवतो. गुणक कोणता, ते माहितीपत्रकात पाहा.

सर्वात घातक चूक आकडा वाचण्यात होते. ‘४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर क्षारयुक्त’ ही पुस्तकातली ईसीची मर्यादा संपृक्त मातीच्या, म्हणजे जेमतेम लगदा होईल इतकंच पाणी घातलेल्या मातीच्या, अर्काची आहे. आपल्या १:२.५ द्रावणात पाणी कितीतरी जास्त, त्यामुळे १ च्या पुढेच सावध व्हायचं. इथे १.५ आलं म्हणून जमीन चांगली असं मुलांनी शेतकऱ्याला सांगितलं, तर नुकसान त्याचं.

प्रयोगशाळेतून निघण्याआधी गाईडसमोर स्वतःच्या हाताने ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण बनवा: कोरडं पोटॅशियम क्लोराइड ०.७४६ ग्रॅम, द्रावण १ लिटर. २५ अंशांना मीटरने १.४१ डेसिसायमन प्रति मीटर दाखवायला हवं. ती बाटली घट्ट बंद करून शाळेत न्या. वर्गात एकाच मातीवर तीन गटांची तीन वेगळी रीडिंग आली, की आधी मीटर या बाटलीत बुडवायचा.