सलाईन चालू असताना मला तांबीजवळ बसू द्या!

आमची तांबी कारवानी जातीची. लातूरकडं या कुत्र्यांची ओळख करून द्यायला नको. अंगानं सडपातळ, पळायला वारा, पण घरच्या माणसांशिवाय कुणाचा हात अंगावर सहन होत नाही. अशा कुत्रीला अनोळखी माणसांच्या हाती देऊन मालकिणीला दाराबाहेर बसवायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

उन्हाळ्यात तिला गोचीडताप झाला. खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट खूप कमी निघाल्या. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवस सांगितल्या आणि पोटात काही राहीपर्यंत सलाईन. इथपर्यंत सगळं भराभर झालं.

मी रेकीची पहिली पायरी शिकलेले आहे. १९२२ च्या सुमाराला जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी सुरू केलेली ही पद्धत. हात हलके ठेवायचे, दाबायचं-चोळायचं नाही. रेकीनं गोचीडतापाचे जंतू मरतात असं मी कुणालाच सांगत नाही, ते काम गोळ्यांचं. पण घाबरलेलं जनावर ओळखीच्या हाताखाली निवांत होतं, हे मी तांबीच्या अंगावर पाहिलंय. म्हणूनच सलाईनच्या वेळी मला आत जायचं होतं.

दवाखान्यातला सहायक म्हणाला, “मालकानं बाहेर थांबायचं, ताई. नियम हाय.”

म्हणलं, मी काही करणार नाही, नुसता हात ठेवून बसते. तर म्हणे, “समदे असंच म्हणतेत.” डॉक्टरांना विचारा म्हणलं, तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये. दार बंद झालं. आत तांबी कण्हत होती आणि मी बाहेरच्या बाकावर. तिनं पाय ओढला, सुई शिरेतून निघाली, पाय सुजला. प्लेटलेट कमी असल्या की सुईच्या जागेवरचं रक्तही लवकर थांबत नाही, त्यामुळं आत बोळा दाबून धरायला माणूस, मग दुसऱ्या पायाला सुई, मग तोंड बांधणं. तोंड बांधल्यावर ती जास्तच बिथरली. मी दार वाजवलं. “थांबा की ओ!” परत वाजवलं. कुणी उघडेना. दुसऱ्या दिवशी तेच. संमतीपत्रावर माझी सही चालते, बिल माझ्याकडून घेतात, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिच्या पाठीवर हात ठेवायला मी परकी! त्या बाकाचा राग अजून गेलेला नाही.

सहायकाचंही एक म्हणणं खरं होतं, ते नंतर कळलं. मालक मधे लुडबुडतात, रक्त बघून चक्कर येऊन पडतात, कधी कुत्रं मालकालाच चावतं. पण मग हे नीट सांगा, आणि कोण बसू शकेल ते एकदा पारखून बघा.

सुई पुन्हा निघाली तेव्हा डॉक्टर स्वतःच बाहेर आले. “तुम्ही आत नेमकं काय करणार?” मी म्हणलं, “एक हात खांद्यामागं, एक कमरेवर. पोटाला हात लावणार नाही. बोलणार नाही. पाय हलला तर मी धरणार नाही, तुमच्या माणसाला हाक मारीन.” तेवढ्यावर आत घेतलं. तुम्हाला कधी लागलं तर हीच वाक्यं सांगा, आणि सुई लावायच्या आधी, शक्य असेल तर आदल्या दिवशी फोनवरच. “रेकी करायची आहे” असं नुसतं म्हणलं की समोरच्याला वाटतं आता धूप-अगरबत्ती निघणार.

पोटाला हात का नाही, तर या आजारात पोटातली प्लीहा (पाणथरी) सुजलेली असू शकते. प्लेटलेट कमी असताना मालिशही नको, कातडीखाली रक्त साकळतं.

तांबीनं आधी माझा हात हुंगला. मग श्वास संथ झाला, मान खाली टेकली, आणि बाटली संपेपर्यंत तिनं पाय ओढला नाही. तोंड बांधायची गरजच पडली नाही. मला रडूच आलं.

घरी संध्याकाळी ओसरीवर पंधरा-वीस मिनिटं बसायचे. हात डोक्यावरून सुरू करू नका, वरून येणारा हात कुत्र्याला धाक वाटतो. झोपेची वेळ नसताना जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, मान वळवणं म्हणजे नको आहे. लगेच हात काढा. ती उठून गेली तर जाऊ द्या, मागं जाऊ नका. हात ठेवून ताप कळतो असंही समजू नका. कुत्र्याचं अंग मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. थर्मामीटर लावा.

गोळ्या उपाशीपोटी देऊ नका, उलटी होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं तरी गोळ्या बंद करायच्या नाहीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, “हात ठिवतीस तर गोळ्या कामून?” मला भयंकर राग आला. अशा बोलण्यानं जनावरं मरतात.

आणि हो, गोचिडावर रॉकेल चोळू नका, विषबाधा होते. चिमट्यानं काढा, बोटांनी चिरडू नका. कुत्र्याच्या गोचिडाच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला घातक. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोचीड भिंतीच्या भेगांतही राहतात. गोळ्या चालू असतानाच आम्ही ओसरीच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या आणि तांबीचं झोपायचं पोतं जाळून टाकलं.