त्या न्यायमूर्तींना ‘हो’ की ‘नाही’?

ऑक्टोबरच्या मध्यावर इथे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मतपत्रिका टपालाने घरी येतात आणि माझा फोन वाजायला लागतो. मतपत्रिकेवरचं बाकी सगळं लोकांचं ठरलेलं असतं. न्यायमूर्तींच्या नावांपाशी मात्र हात थांबतो. ‘ताई, जजचं तुम्ही काय करता?’ तुम्हीही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

इथलं राज्याचं सुप्रीम कोर्ट म्हणजे साधारण आपल्याकडच्या हायकोर्टाच्या जागी. सात न्यायमूर्ती. निवड समिती नावं सुचवते, त्यांतून गव्हर्नर नेमणूक करतात. किमान दोन वर्षं काम झालं की न्यायमूर्ती पहिल्यांदा मतदारांसमोर येतात, मग दर दहा वर्षांनी. समोर प्रतिस्पर्धी नाही, नावापुढे पक्ष नाही. यांना पदावर ठेवायचं का, एवढंच विचारलेलं असतं. आपल्याकडे एकदा कायम झालेल्या न्यायमूर्तीला संसदेच्या ठरावाशिवाय हटवता येत नाही, त्यामुळे हा अधिकार हातात आला की आपण बावरतो. मीही पहिल्या वेळी ती जागा कोरी सोडली होती.

माझे वडील तालुका कोर्टात शिरस्तेदार होते. नवे साहेब आले की गावात चर्चा व्हायची ती कोणाला शिक्षा झाली, कोण सुटला याची. वडील घरी येऊन वेगळंच सांगायचे. साहेब अकराच्या ठोक्याला बोर्डावर बसतात, वकील न लावलेल्या म्हातारीचं पूर्ण ऐकून घेतात, जजमेंट लिहायचं म्हणून सहा-सहा महिने अडकवून ठेवत नाहीत. मी आजही तेच शोधते.

त्यासाठी इथे सोय आहे. 1988 पासून न्यायाधीशांच्या कामाचं मूल्यांकन करणारे आयोग आहेत. त्यांत वकिलांबरोबर सामान्य नागरिकही बसतात. सचोटी, कायद्याचं ज्ञान, मुद्दा स्पष्ट मांडण्याची हातोटी, स्वभाव, कामाचा उरक अशा निकषांवर ते प्रश्नावल्या भरून घेतात, निकालपत्रं वाचतात, सुनावणीला बसतात, न्यायमूर्तींची मुलाखत घेतात. निष्कर्ष ‘ब्लू बुक’ नावाच्या सरकारी पुस्तिकेत घरपोच येतो. बहुतेक जण शेवटचं वाक्य वाचतात, ‘निकषांना उतरतात’ की ‘उतरत नाहीत’. जवळजवळ सगळेच उतरतात, म्हणून तेवढ्यावर थांबू नये असं माझं मत आहे. मधला मजकूर वाचा. संयमाबद्दल, वेळेबद्दल काही उणं लिहिलं असेल तर ते तिथेच सापडतं.

त्यानंतर मी प्रत्येकाची दोन निकालपत्रं वाचते. एक मला पटलेलं, एक न पटलेलं. हरलेल्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा कोणता होता, तो यांनी प्रामाणिकपणे मांडलाय का, आणि त्याला उत्तर दिलंय की बगल, हे बघते. मग सुनावणीचं एखादं रेकॉर्डिंग ऐकते. वकिलाला अडवतात ते समजून घ्यायला की गप्प करायला, हे कायदा न शिकलेल्यालाही कानाला कळतं.

2024 साली याची खरी परीक्षा झाली. आधीच्या डिसेंबरमध्ये, 19 तारखेला, याच कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी ट्रम्प यांना राज्याच्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीसाठी अपात्र ठरवलं होतं. 4 मार्चला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. नोव्हेंबरला तीन नावं आली: मोनिका मार्केझ, ब्रायन बोटराइट, मारिया बर्केनकॉटर. मला फोन करणाऱ्यांपैकी काही म्हणाले, तिघांनाही घालवा. काही म्हणाले, त्या निकालासाठी तिघांनाही ठेवा. पण त्या निकालाच्या बाजूने तिघांपैकी फक्त मार्केझ होत्या! बाकी दोघांनी विरोधी मत लिहिलं होतं. निवडणूक कायद्यातली घाईची प्रक्रिया इतक्या गुंतागुंतीच्या प्रश्नासाठी नाही, हा बोटराइट यांचा रोख. बर्केनकॉटर म्हणाल्या की बहुमताने त्या कायद्याखालचा कोर्टाचा अधिकार फार ताणला. मी बहुमताचं निकालपत्र आणि ही दोन्ही मतं वाचली. कोणाशी सहमत झाले ते इथे सांगत नाही, कारण माझं मतदान त्यावर ठरलं नाही. तिन्हींत दुसऱ्या बाजूच्या मुद्द्यांना तोंड दिलेलं होतं. मी तिघांपुढे ‘हो’ केलं. तिघंही पदावर राहिले.

आयोवा राज्यात 2010 मध्ये असं झालं नाही. समलिंगी विवाहाला मान्यता देणारा 2009 चा निकाल तिथल्या सातही न्यायमूर्तींनी एकमताने दिला होता. त्यांतल्या तिघांची पाळी आली आणि मतदारांनी तिघांनाही घरी पाठवलं. मला ते अजून टोचतं. एका निकालासाठी अख्खी कारकीर्द पुसायची, तर पुढचा न्यायमूर्ती निकाल लिहिताना कायद्याकडे बघेल की मतदारांकडे? आणि मला नावडत्या निकालासाठी कोणी गेलं असतं, तरी मी हेच म्हटलं असतं.

‘नाही’ म्हणायचंच नाही, असं मात्र नाही. लोकांना तुच्छतेने वागवणारा, निकाल रेंगाळत ठेवणारा, कारणं न देता निकाल देणारा न्यायाधीश असेल तर तिथे बेलाशक ‘नाही’ करा.

आणि खरंच वाचायला वेळ मिळाला नाही, तर तेवढं नाव कोरं सोडा. त्याने बाकीची मतपत्रिका बाद होत नाही.